डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) झाल्यावर एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करावं का? नोकरीतल्या लोकांनी जरा बोला

तपासणीस
नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचून जातो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

पीएसआय म्हणून लागलो, २४ वर्षं झाली, गेल्या वर्षी बढती मिळून उपविभाग हातात आला. एलएलबी नोकरीच्या आधीच झालेलं, म्हणजे आयपीसी-सीआरपीसीच्या जमान्यातलं. १ जुलै २०२४ ला तिन्ही फौजदारी कायदे बदलले (आयपीसीचं बीएनएस, सीआरपीसीचं बीएनएसएस, शिवाय साक्षीचा कायदा) तेव्हा सगळ्यांसारखं मीही ३०२ चं १०३ आणि ४२० चं ३१८(४) असं पाठांतर केलं, तक्ता टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि वाटलं झालं आपलं काम.

नाही झालं. एका रात्री एका ठाण्याच्या पीआयचा फोन आला, साहेब एक अर्ज आलाय, तीन ते सात वर्षं शिक्षेच्या मधला मामला आहे, लगेच गुन्हा दाखल न करता बीएनएसएसच्या १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करतो, तुमची परवानगी द्या. मी अर्धा झोपेत, दिली. सकाळी ती परवानगी कागदावर उतरवायला बसलो आणि पहिल्याच ओळीला पेन अडलं. "परवानगी देण्यात येत आहे" एवढं लिहून झालं, पण का? प्रथमदर्शनी काय दिसलं, काय नाही दिसलं, १४ दिवसात नेमकं काय तपासायचं, यातलं मी फोनवर काहीच विचारलं नव्हतं. २४ वर्षं मी वरच्यांची परवानगी मागत आलो, द्यायची कशी ते कुणी शिकवलंच नाही.

बीएनएसएसच्या ३५(७) चंही तेच. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि माणूस आजारी किंवा साठीच्या पुढचा असेल तर डीवायएसपीच्या परवानगीशिवाय अटक नाही. ॲट्रॉसिटीचा तपास तर १९९५ च्या नियमांपासून डीवायएसपीच्या खालच्याला करताच येत नाही.

तर प्रश्न असा की या वयात एलएलएम करावं का, की एखादा डिप्लोमा, की ते पब्लिक पॉलिसी, लीडरशिप वगैरे काय असतं ते? ज्यांनी केलंय त्यांना खरंच टेबलावर उपयोग झाला का? "ज्ञान कधी वाया जात नाही" टाइप उत्तरं नकोत प्लीज.

रातपाळी
प्रमोशनला मार्क मिळतात का त्याचे? नाही ना. मग साहेब तेवढा वेळ झोपा, खरंच सांगतो, उपविभागाचा साहेब झोपलेला असला की चार ठाणी सुखात असतात 😄

अर्धीखाकी
पोलीस नाही, पोलिसाची बायको आहे म्हणून बोलते. आमच्या ह्यांनी डिप्लोमा करायला घेतला होता, पुस्तकं आली, कव्हरं घातली, परीक्षेच्या दिवशी बंदोबस्त लागला. दुसऱ्या वर्षी पण लागला. पुस्तकं अजून कव्हरात आहेत. आधी रजेचं बघा भाऊ, मग कोर्सचं.

निवृत्त_फौजदार
तपासणीस साहेब, मी रिटायर्ड माणूस, आता कुणाची भीती नाही म्हणून स्पष्ट लिहितो.

मी नवीन फौजदार असताना एका केसमध्ये साक्षीला उभा होतो. बचावाचे वकील म्हातारे, आवाज एकदम मऊ. पंचनाम्यावर काही नाही, जबाबांवर काही नाही, एकच विचारलं, आरोपीला अटक का केली? मी छाती काढून सांगितलं, वरिष्ठांचा आदेश होता. आदेश लेखी आहे का? नाही, तोंडी. मग वरिष्ठांनी केस डायरी वाचली होती का? आता मी काय सांगणार, साहेबांनी डायरीचा कोपराही बघितला नव्हता, पेपरात बातमी आली म्हणून फोन केला होता. न्यायाधीशांनी चष्म्याच्या वरून बघितलं फक्त. ते बघणं मला अजून आठवतं. त्या साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर कायद्याची पदवी फ्रेम करून लावलेली होती बरं का, एलएलएमच असावी.

म्हणून सांगतो, पदवी राहू द्या, रोज दोन केस डायऱ्या पूर्ण वाचा, शेवटच्या पानापर्यंत. माझ्या सगळ्या नोकरीत डायरी खरोखर वाचणारे साहेब तीन भेटले. ते तिघं शेरा मारायचे ना, "पाहिले" असा नाही, "साक्षीदार क्र. ४ घटनेच्या वेळी तिथे कसा?" असा. त्या एका ओळीने आमचा तपास सरळ व्हायचा.

आडवा_प्रश्न
+१ काकांना. आणि त्यापुढे जाऊन म्हणतो, शिकलेला साहेब जास्त डेंजर असतो. न शिकलेला चूक करतो ती दिसते तरी. शिकलेल्याला कागद कसा रंगवायचा ते माहीत असतं. पाच कारणांची चेकलिस्ट आहे ना अटकेची, तो पाचही खुणा करून मोकळा. बाहेरून सगळं कायदेशीर, आत तोच जुना माल.

लीडरशिपच्या कोर्सबद्दल तर बोलायलाच नको. तीन दिवस हॉटेलात बसवतात, स्लाइडवर हिमनगाचं चित्र दाखवतात, पाण्यावर एवढा पाण्याखाली तेवढा, शेवटी ग्रुप फोटो. सोमवारी क्राइम मीटिंगमध्ये परत तेच, "प्रलंबित किती? निकाली किती? महिनाअखेर किती काढणार?"

काळा_कोट
बचाव पक्षाचा वकील आहे, त्यामुळे या धाग्यावर मी विरोधी बाकावरचा समजा. पण तपासणीस साहेबांचा प्रश्न मला आवडला कारण आमच्या जामिनाच्या अर्जातला अर्धा दारूगोळा त्या "का?" मध्येच असतो.

एक गोष्ट जवळून दाखवतो. अटकेचा कागद येतो त्यात छापील रकाना असतो, "अटकेची कारणे". खाली लिहिलेलं असतं, पुरावा नष्ट करू नये म्हणून, साक्षीदारांवर दबाव आणू नये म्हणून, पुढील तपासकामी. हे झालं बीएनएसएस ३५(१)(ब) चं, सीआरपीसीच्या जुन्या ४१ चं. अर्नेश कुमार निकालात, २०१४ साली, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ही चेकलिस्ट भरून मॅजिस्ट्रेटपुढे ठेवा, नाहीतर खातेनिहाय कारवाई आणि वर अवमान. ठीक, ते सगळ्यांना पाठ आहे.

पण घटनेच्या कलम २२(१) मध्ये जे आहे ते वेगळं. तिथे अटक झालेल्या माणसाला कळवायचं असतं की बाबा तुझ्याविरुद्ध नेमकं काय आहे, तू कधी कुठे काय केलंस असा आमचा आरोप आहे, म्हणजे तो वकिलाशी बोलू शकेल, रिमांडला विरोध करू शकेल. चेकलिस्टमधली कारणं कुठल्याही आरोपीला चिकटवता येतात, ही दुसरी फक्त त्या एका माणसाची असतात. इंग्रजीत दोघांना दोन शब्द आहेत, पहिल्याला reasons, दुसऱ्याला grounds, आणि प्रबीर पुरकायस्थ निकालात, मे २०२४, कोर्टाने हा फरक सोलून दाखवला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ ला पंकज बन्सल निकालात ईडीच्या अटकेसाठी हे लेखी द्यायला सांगितलं होतं, पुरकायस्थमध्ये तेच यूएपीएला (दहशतवादविरोधी कायद्याला) लागू झालं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र शासन यात सगळ्याच गुन्ह्यांना, तेही आरोपीला समजेल अशा भाषेत. अगदीच जमलं नाही तर आधी तोंडी सांगा, पण रिमांडला उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात हवा.

आता मराठीची गंमत बघा. आपण दोन्हीला "कारणे"च म्हणतो. छापील फॉर्मवर एकच रकाना, हवालदार एकदाच भरतो, आणि त्याला वाटतं दोन्ही कामं झाली. मी असे कागद बघितलेत की ज्यात आरोपीचं नाव खोडून दुसरं लिहिलं तरी काही फरक पडणार नाही. अटक तिथेच बेकायदा ठरू शकते, मग तुमचा पुरावा कितीही भक्कम असो.

हे कुणी पकडायला हवं? हवालदाराने नाही. उपविभागाच्या साहेबाने. त्यासाठी एलएलएम लागतं का? लागत नाही, पण निकाल स्वतः उघडून वाचायची सवय लागते आणि ती बहुतेकांना नाहीये हे पण खरं.

पहिला_बाक
एपीआय आहे, नोकरीत राहून एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. सर, तुमच्या प्रश्नाला प्रॅक्टिकल उत्तर देते.

आधी अडचणी. कायद्याची डिग्री घरबसल्या होत नाही, बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमात प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे. माझं कॉलेज सकाळचं. नाइट राउंड करून युनिफॉर्म बदलून थेट वर्गात, नाव पहिला_बाक असलं तरी मी शेवटच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसते हे खरं. विभागाची परवानगी आधी घेतली नसती तर आज खातेनिहाय चौकशीच चालू असती. आणि डिग्री झाली म्हणून नोकरीत असताना सनद मिळत नाही, पगारी पूर्णवेळ नोकराला वकिली करता येत नाही, तेव्हा ते स्वप्न रिटायरमेंटनंतरचं.

एलएलएमला तुम्हाला पूर्णवेळ जायचं असेल, एक वर्षवालं, तर अध्ययन रजा बघा, महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम १९८१ मध्ये आहे, बॉण्ड द्यावा लागतो. आयपीएसवाल्यांचं वेगळं, त्यांचे अध्ययन रजेचे नियम १९६० चे आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठं तीन, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, फौजदारी कायद्यात काय चालू आहे ते तिथेच विचारा, दरवर्षी बदलतं.

आता उपयोग. मला ललिता कुमारी निकाल पाठ होता, म्हणजे मला वाटत होतं. दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर घ्यायचीच, संपलं. वर्गात मॅडमनी विचारलं आणि मी ठणकावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या शेवटची पानं वाचलीत का? नव्हती वाचली. तिथे त्याच निकालात यादी आहे की कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय निष्काळजीपणा, भ्रष्टाचार, आणि तक्रारीला कारण नसताना तीन महिन्यांपेक्षा जास्त उशीर, अशा बाबतीत आधी चौकशी करता येते. नोकरीत इतकी वर्षं मी व्हॉट्सॲपवर आलेल्या अर्ध्या पानावर ड्युटी केली. एवढं एक कळलं तरी माझी फी वसूल झाली.

रातपाळी
मॅडम आमच्या ग्रुपवर तर निकालाचा फोटो पण तिरका येतो, खाली "सर्वांनी नोंद घ्यावी" आणि वर २७ अंगठे. वाचला कुणी? कुणीच नाही. मी पण नाही.

दूरदेशी
मी या विषयातला पोलीस नाही, बाहेर राहून सार्वजनिक प्रशासन शिकवतो. तिकडचं थोडं सांगतो, तुलना म्हणून, आदर्श म्हणून नाही.

जर्मनीत पोलिसांच्या वरच्या श्रेणीत जायचं तर साधारणपणे म्युन्स्टरच्या पोलीस विद्यापीठातली दोन वर्षांची मास्टर्स करूनच जातात, तो नोकरीचाच भाग धरला जातो, घरच्या वेळात करायची गोष्ट नाही. अमेरिकेत एफबीआयची नॅशनल अकॅडमी आहे, १९३५ पासून, क्वांटिकोला दहा आठवडे, वेगवेगळ्या खात्यांचे मधल्या-वरच्या फळीतले अधिकारी येतात आणि त्याचे क्रेडिट व्हर्जिनिया विद्यापीठ देतं.

पण मला एक केस जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेतलीच, कॅंटन शहर विरुद्ध हॅरिस, १९८९. एका बाईला अटक करून ठाण्यात आणलं, ती सारखी खाली कोसळत होती, विचारलं तर नीट बोलता येत नव्हतं, शेवटी जमिनीवरच ठेवली, डॉक्टर कुणी बोलावला नाही. त्या शहराचा नियम असा होता की अटकेतल्या माणसाला डॉक्टर लागतो की नाही हे ठरवायचा पूर्ण अधिकार शिफ्ट कमांडरचा. आणि त्या शिफ्ट कमांडरांना प्रथमोपचारापलीकडे त्याचं काही शिक्षणच दिलं नव्हतं! सुप्रीम कोर्ट म्हणालं, शिकवायची गरज उघड दिसत असून शहराने जाणूनबुजून डोळेझाक केली असेल तर जबाबदारी शहराची. शिपायाला नाही, अधिकार ज्याला दिला त्यालाच शिकवलं नाही हा मुद्दा. तपासणीस यांची रात्रीची फोनवरची परवानगी वाचून मला हीच केस आठवली.

आडवा_प्रश्न
वा, म्हणजे अमेरिकेत एवढं शिकवून तिकडे सगळं आलबेल आहे असं म्हणायचंय का? 😏

दूरदेशी
नाही, आणि पहिल्याच ओळीत तसं लिहिलंय. शिक्षणाने माणूस सज्जन होतो असं मी कुठेच म्हटलं नाही. "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय तेवढी जाते.

पाणबंब
अग्निशमन दलातला आहे, पोलिसांच्या धाग्यात घुसलो म्हणून माफी, पण सार्वजनिक सुरक्षा म्हटलं की आम्हीही येतो ना. आमचं टेक्निकल शिक्षण उत्तम होतं, नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात शिकून आलेल्याला पंप, दाब, शिडी, धूर सगळं कळतं. कायद्याचं? २००६ चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा एका दुपारी उरकला. मग अधिकारी झालो की नोटिसा काढायच्या, इमारत रिकामी करायला सांगायचं, आणि समोर येतो बिल्डरचा वकील. माझी पहिली नोटीस दोन ओळींची होती, "आपल्या इमारतीत त्रुटी आहेत, तात्काळ दूर कराव्यात". कुठल्या त्रुटी, कुठल्या मजल्यावर, किती दिवसात, काही नाही. कोर्टात ती टिकली नाही हे वेगळं सांगायला नको. जिन्यातला दरवाजा आतून कुलूपबंद होता हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, हाताने ओढून बघितला होता, लिहिलंच नव्हतं.

तपासणीस
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. काका, तुमच्या चष्म्यावरून बघणाऱ्या न्यायाधीशांनी दोन दिवस झोप उडवली.

वकीलसाहेब, तुम्ही लिहिलंत म्हणून काल माझ्या उपविभागातल्या अलीकडच्या अटकांचे कागद मागवले आणि रायटरला बाहेर बसवून एकटाच वाचत बसलो. बहुतेकांत तेच वाक्य. शब्दशः तेच. "सदर आरोपी हा तपासात सहकार्य करीत नसून पुरावा नष्ट करण्याची शक्यता आहे." एका कागदावर तर आरोपी बाई आहे तरी "सदर आरोपी हा" तसंच राहिलंय. दुसऱ्या एकात आरोपी स्वतः ठाण्यात हजर झाल्याची स्टेशन डायरीला नोंद आहे आणि अटकेच्या कारणात "पळून जाण्याची शक्यता". सगळ्यांवर पीआयची सही, आणि मग टपालात माझी, "पाहिले". काकांनी म्हटलेलं तेच "पाहिले".

आडवा_प्रश्न, तुमचं म्हणणं पटत नाही पण डोक्यातून जात पण नाहीये. कागद रंगवणारे आहेतच. पण या ढिगात मला रंगवलेला एकही कागद दिसला नाही, रंगवायला सुद्धा थोडा विचार लागतो हो, हे नुसते ठसे आहेत.

आडवा_प्रश्न
बाईला "हा" लिहिलंय हे भारी पकडलंत. बरं, अर्धा शब्द मागे घेतो. अर्धाच.

काळा_कोट
साहेब तो बाईंचा कागद कुठल्या केसमधला ते विचारत नाही, माझ्याकडे आला तर वापरीन, आधीच सांगून ठेवतो 🙂

गंभीरपणे, १७३(३) च्या परवानगीबद्दल एक राहिलं. इम्रान प्रतापगढी विरुद्ध गुजरात, मार्च २०२५, तो निकाल पूर्ण वाचा. समाजमाध्यमावर टाकलेल्या एका कवितेवरून गुन्हा दाखल झाला होता. कोर्ट म्हणालं की बोलण्या-लिहिण्यावरून आरोप असेल आणि शिक्षा तीन ते सातच्या मधली असेल तर आधी प्राथमिक चौकशी करणंच योग्य, आणि वरिष्ठाने परवानगी साधारणपणे द्यावी. म्हणजे परवानगी देणं ही मेहरबानी नाही. आणि शब्दांचा परिणाम तोलताना मनाने खंबीर माणसाच्या नजरेने तोला, प्रत्येक टीकेत धोका बघणाऱ्या भित्र्या माणसाच्या नाही. तुमच्या उपविभागात रोज कुणीतरी कुणाच्या स्टेटसवरून भावना दुखावून येत असेलच.

तपासणीस
रोज नाही, तासाला.

निवृत्त_फौजदार
जुनी गोष्ट सांगतो. आमच्या ट्रेनिंगला एक मास्तर गोरे समितीचं नाव घ्यायचे. १९७१ ला नेमली होती, पोलीस प्रशिक्षणावर, प्रा. एम. एस. गोरे अध्यक्ष, समाजशास्त्राचे माणूस. ७३ ला अहवाल दिला. मास्तर म्हणायचे, परेडचं शिक्षण इंग्रजाने दिलं, डोक्याचं शिक्षण कुणी द्यायचं यावर ही समिती होती. पुढे २००६ ला प्रकाश सिंह निकाल आला, त्यात तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळे करा असंही म्हटलंय. किती झालं वेगळं ते रातपाळी सांगेल.

रातपाळी
सकाळी मिरवणूक बंदोबस्त, दुपारी व्हीआयपी, संध्याकाळी तपास, रात्री गस्त. एकदम वेगळं झालंय काका, वेळेनुसार.

पहिला_बाक
🤣 खरंय.

सर अजून एक सांगायचं राहिलं, डिजिटल पुराव्याचं, कारण तिथे वरिष्ठांना काहीच कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे (तुम्ही सोडून असं म्हणते). खोतकर केस आपल्या जालन्याची, बऱ्याच जणांना राजकारण म्हणून माहीत आहे. २०१४ ची निवडणूक, वाद असा की उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आधी आला की नंतर, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. रेकॉर्डिंग आहे, सगळ्यांना दिसतंय, पण जुन्या साक्ष कायद्यातलं ६५बी चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र मागूनही कुणी देईना. तो वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि २०२० ला ठरलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्षीने भागत नाही. आता साक्ष अधिनियमात ते कलम ६३ झालंय, प्रमाणपत्राचे दोन भाग, एक देणाऱ्याचा एक तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहायची.

माझ्या एका तपासात सीसीटीव्हीचं फुटेज दुकानदाराने पेनड्राइव्हवर दिलं, हवालदाराने ते आधी आपल्या मोबाइलवर घेतलं, ग्रुपवर टाकलं, मग परत पेनड्राइव्हवर. मी म्हटलं दादा हे काय केलंत, तर म्हणाले मॅडम साहेबांनीच ग्रुपवर मागितलं होतं बघायला. आता कॉम्प्रेस झालेल्या त्या फाइलची हॅश मूळ फाइलशी कशी जुळणार! दुकानदाराच्या डीव्हीआरवर तोपर्यंत नवीन रेकॉर्डिंग चढलेलं. साहेबांना यातलं काही माहीत असतं तर त्यांनी ग्रुपवर मागितलंच नसतं.

पाणबंब
हे वाचून अंगावर काटा आला, आम्ही आगीचे व्हिडिओ असेच फिरवतो.

अर्धीखाकी
एक विचारू का, अडाणीपणाचा प्रश्न असेल. एवढं सगळं साहेब लोकांनीच शिकायचं तर मग ते आयपीएसना हैदराबादला शिकवतात ते काय?

दूरदेशी
अडाणीपणाचा अजिबात नाही ताई. हैदराबादची सरदार पटेल अकादमी आयपीएससाठी, १९४८ ला माउंट अबूला सुरू झाली, ७५ ला हैदराबादला गेली. भरती झाल्यावरचं शिक्षण तिथे होतं आणि पुढे नोकरीच्या मध्येही त्यांना टप्प्याटप्प्याने बोलावतात, फेज तीन, चार, पाच असं. पण तपासणीस यांच्यासारखे जे खालून वर येतात, त्यांचं मूळ शिक्षण झालं पीएसआय असताना, तेव्हाच्या कामासाठी. मधे काम बदललं.

तपासणीस
हो ताई, नाशिकला झालं आमचं. परेड आणि कायदा दोन्ही चांगलं झालं, पण ते तपास करणाऱ्याचं शिक्षण होतं. तपास करणाऱ्याला प्रश्न पडतो "मी काय करू?" आणि आता माझ्यासमोर येतो तो "त्याने जे केलं ते मी मान्य करू का?" मोक्क्यात (संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्यात) तर तपास डीवायएसपीच्या खालच्याकडे देताच येत नाही, आणि कबुली एसपीच्या खालच्याने घ्यायची नाही. म्हणजे १९९९ चा कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलंय की वरच्याला जास्त समजतं. समजतं का?

बरं, माझा निर्णय. एलएलएमचा फॉर्म या वर्षी भरत नाही. अध्ययन रजा मागितली तर मिळेलही कदाचित, पण उपविभागात येऊन वर्ष झालंय आणि हे कागद असे सोडून गेलो तर मलाच बरं वाटणार नाही. पुढच्या वर्षी बघतो, मॅडमकडून नोट्स घेईन.

सध्या दोन गोष्टी सुरू केल्यात. एक, १७३(३) ची परवानगी फोनवर मागितली तर मी आधी तीनच गोष्टी विचारतो, आरोप काय, त्यातलं काय खरं मानलं तर गुन्हा होतो, आणि १४ दिवसात काय तपासणार. उत्तर आलं की तेच मी लिहितो, रात्री दोन वाजता असलं तरी तेव्हाच, मोबाइलवर नाही, डायरीत. काल एका पीआयने तिसऱ्या प्रश्नाला म्हटलं, "साहेब, मग डायरेक्ट गुन्हाच दाखल करतो." मी म्हटलं कर, पण आधी मला सांग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. बराच वेळ गप्प होता.

दोन, या महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये आकडे मागे ठेवले आणि प्रत्येक ठाण्याचा एक अटकेचा कागद मोठ्याने वाचायला लावला, ज्याने लिहिला त्यालाच. "सदर आरोपी हा" वाला आला तेव्हा सगळे हसले, लिहिणारा सोडून. मग हसू गेलं कारण पुढचा कागद पण तसाच होता.

रातपाळी
साहेब त्या मीटिंगला मी नव्हतो ना? 😐

निवृत्त_फौजदार
मीटिंग किती चालली?

तपासणीस
एरवी दीड तासात उरकते, ही चार तास. दोन पीआय नाराज आहेत, एकाने वर कळवलं असं ऐकतोय. वरून विचारणा झालीच तर आकडे पण तयार ठेवलेत.

आडवा_प्रश्न
आता बघा, सहा महिन्यात सगळे वेगवेगळी वाक्यं लिहायला शिकतील आणि तुम्हाला वाटेल सुधारले. तेव्हा परत या धाग्यावर या.

तपासणीस
येतो. तोपर्यंत वकीलसाहेब एक मदत हवी. अटकेच्या कागदावर तो एकच रकाना आहे ना, त्याचे दोन करायचेत, निदान माझ्या उपविभागापुरतं जोडपत्र म्हणून. पहिल्याला "अटक आवश्यक का" असं लिहिलंय. दुसऱ्याला मराठीत काय म्हणू? "अटकेचे आधार" लिहिलं तर हवालदार आधार कार्डाचा नंबर टाकतील, चेष्टा नाही करत, एकाने विचारलं सुद्धा.

काळा_कोट
😂😂 "तुमच्यावर नेमका आरोप काय" असं सरळ लिहा ना. वाचणारा आरोपी आहे, त्याला कळायला हवं.

पहिला_बाक
आणि खाली "कधी, कुठे, काय" असे तीन छोटे रकाने द्या सर, मोकळी जागा दिली की परत तेच वाक्य चिकटवतील. आणि वेळ लिहायला जागा ठेवा, कागद हातात कधी दिला त्याची, दोन तासांचं बघायला लागतं. सही आरोपीची, मिळाल्याची.

तपासणीस
घेतलं लिहून. कच्चा मसुदा रात्री इथेच टाकतो, आत्ता बंदोबस्ताला निघालोय. रातपाळी, तुम्ही पण बघून सांगा, भरायचा तुम्हालाच आहे.

रातपाळी
एका पानात बसवा साहेब, मागच्या बाजूला गेला की कुणी भरत नाही.